हिरवी रेघ, केगाव

अकराला गच्चीवरचं झाकण सरकवते.
लेसर तापायला वीस मिनिटं घेतो.
तोवर इरण्णा वॉचमन तंबाखू मळत वर बघतो,
"म्याडम, ही बत्ती चांदणीला लागत न्हाई नव्हं?"

नाही लागत, इरण्णा.
सेकंदाला दहा ठोके, हिरवे.
एखादा उजेड वर अडखळतो, परत येतो,
चिमटीत मावेल एवढा.
त्याला किती वेळ लागला तेवढंच मी मोजते.

आज तेवीस मायक्रोसेकंद.
म्हणजे साडेतीन किलोमीटरवर थर आहे.

पाण्याचा थेंब गोल असतो,
उजेड जसा घेतला तसा देतो.
वाळूच्या कणाला कोपरे.
तो उजेड परत करतो तो पीळ घालून.

पीळ हा शब्द नायनाचा.
चादरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं;
लाईट गेली तरी दोन बोटांत सूत धरून
सांगायचा, हे सैल आहे, तुटणार.

थर ओमानकडचा असावा, समुद्रावरून आलेला.
किंवा राजस्थानचा.
सकाळी वाऱ्याचा माग काढीन
(आमच्या घरात माग म्हटलं
की आधी खटखट ऐकू येते).

स्क्रीनवर तो पिवळसर पट्टा
पहाटेपर्यंत हळूहळू खाली उतरतो,
तीन, अडीच, दोन.
पाऊण किलोमीटरनंतर रेघ पुसट होते
आणि शेवटचे दोनशे मीटर
या यंत्राला दिसतच नाहीत.
जवळचं दिसत नाही, अशीच त्याची रचना.
आम्ही अहवालात तिथे रिकामी जागा सोडतो.

त्या रिकाम्या जागेत पूर्व भाग आहे,
पत्र्याच्या शेडमधून उडणारा कापूस,
विडीच्या पानांचा वास,
आणि खाटेवर उठून बसलेला नायना,
ज्याचा खोकला मी गल्लीच्या तोंडाशीच ओळखते.

सहा वाजता घरी पोचले.
आई खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवून दाखवते:
तांबूस, पिठासारखी.
"काल रात्रीच पुसलं होतं. कुठनं यायलीय ही?"
लांबून, म्हणाले. वाळवंटातून.

नायनानं तिचं बोट जवळ ओढलं,
चिमटीत धूळ घेतली, चोळली, डोळे मिटून.
"बारीक आहे," म्हणाला,
"साठ नंबर तरी असेल."

मग खोकला आला,
आणि आई पाणी आणायला गेली.