ताणाचा दगड

लिफ्ट बंद. सहा मजले.
दोन माणसं, गोणपाट, आणि मधे
साडेसात फुटांचा गुलाबी ग्रॅनाइट.
दारात टेकवताना जेठाराम दगडाला म्हणतो,
"बैठ, भाई."

कुठला? मी विचारते.
"जालोरचा. मीपण."
धायरीत राहतो, अकरा वर्षं झाली,
पण इथल्या दगडाला अजून दगड मानत नाही:
काळा, एकरंगी, आतून पोकळ.
म्हटलं, आमच्या पोकळ्यांत स्फटिक असतात, बाबा.
तो हसला. पाण्याची बाटली मागितली.

मी दगड घासते. नोकरीच ती.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कार्बोरंडमवर, गोल गोल,
तीस मायक्रॉन उरेपर्यंत.
तेवढा झिजला की दगड काच होतो,
आरपार वाचता येतो.

गेल्या वर्षी शर्वरी धायगुडेने आणले
सिवाण्याच्या टेकड्यांचे सत्तेचाळीस तुकडे,
कापडी पिशव्यांत. वाळूसकट.
एका पिशवीत उंटाची लेंडीही निघाली,
तिलाही तिने नंबर घातलेला.
मग महिन्यांनी आकडे आले:
सिलिका भरपूर, चुना नावाला,
झिरकोनियम, निओबियम, इट्रियम भलतेच चढे,
पाणी जवळजवळ नाहीच.
"वाळवंट फार नंतरचं," ती म्हणाली,
"हा वितळलेला होता तेव्हाच कोरडा होता."

कोण कोणावर आदळलं?
(डोंगर म्हटला की मला टक्करच सुचते.)
"कुणीच नाही, मॅडम. जमीन ताणली गेली,
पातळ झाली, खालची धग वर आली.
पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वी.
भूखंडाच्या ऐन पोटात, काठापासून लांब."

मी चकती फिरवत राहिले.
रात्री वकीलबाईंचा कागद पुन्हा काढला.
'कारण' या शब्दापुढे चार ओळींची जागा.
मारहाण नाही. तिसरं माणूस नाही.
भांडण, आठवावं असं, एकही नाही.
सोळा वर्षं.
मी लिहिलं: ताण.
मग वाटलं, हे त्यांना ऑफिसातलं वाटेल.
खोडलं नाही.

जेठाराम बेसिनचा चौकोन कापतो,
गुलाबी धूळ त्याच्या पापण्यांवर बसते.
सिवाणा सांगितल्यावर मान वर करतो:
"माझी मावशी तिथली!"
मी सांगत नाही की या धुळीत
डोळ्यांना न दिसणारे झिरकॉन आहेत,
त्यांच्या पोटात युरेनियमचं शिसं होत आलंय
कुणाला काही न कळवता,
आणि आपण ज्यावर उभे आहोत तो काळा फत्तर
यांच्यापुढे कालचं पोर आहे,
साडेसहा कोटींचं.

तो कापलेला चौकोन मी ठेवून घेते.
"काय करणार याचं?"
घासणार, म्हणते.
त्याला वाटतं, भांडी.

जाताना सांधा बोटाने चाचपतो, फडकं मारतो.
"दोन दिवस पाणी लागू देऊ नका.
जोड ओला आहे अजून."