दोन इंच

कळंबोलीत ट्रक टर्मिनलच्या मागं
बलकारसिंगनं जीपला मागून न्याहाळलं,
म्हणाला, "उजवीकडं कोण बसायचं?"

कोणी नाही. जनरेटर.
बाबांचा मंडपाचा धंदा, पंचवीस वर्षं,
हळदी, साखरपुडे, पार चिरनेरपर्यंत.

यू-बोल्ट सुटेना.
डिझेल ओतलं, घण घातला, शिवी घातली.
शिवीनं सुटला.

सात पाटे निघाले, एकाखाली एक,
मधे गंज, चहाच्या भुकटीसारखा.
तिसरा मोडलेला. कधीचा, कोण जाणे.
बाकीच्यांनी वजन वाटून घेतलं होतं,
आवाज न करता.

"लोहाराला दे, कोयता फर्मास होईल."
मी तो सीटखाली सरकवला.

नवे पाटे आठ घाल, म्हटलं.
"रिकामी उडेल."
उडू दे.

उडाली. तळोज्याच्या एकेका गतिरोधकावर
करडासारखी.

दारात आई बसायला आली.
पाय उचलला, परत खाली ठेवला.
"उंच केलीस रे."
घरात गेली, जेवायचा पाट घेऊन आली,
चाकाशी मांडला, पदर खोचला,
चढली.

आणि बसली ती उजवीकडंच.