जूर

छापखाना मेनरोडच्या मागल्या बोळात.
नथू खैरनार जुळारी,
मी खिळे धुणारा, वय बारा.

विलायतेत निवडणूक झाली की
नथूकाका म्हणायचा,
आपल्याला काय, एक अक्षर.
म काढायचा, हु बसवायचा:
हुजूर पक्षाचं सरकार.
हु काढायचा, म बसवायचा:
मजूर पक्षाचं.
उरलेला 'जूर' त्यानं चोवीस सालापासून
सुतळीनं बांधून ठेवलेला,
खणात परत टाकलाच नाही कधी.

पंचेचाळीसचा जुलै.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी,
आणि तार आली,
मजूर पक्ष, प्रचंड बहुमत.
मालकांनी पेढे मागवले.
"आता स्वराज्य लांब नाही," बर्वे वकील म्हणाले,
पेढा गालात धरून.
नथूकाकानं म शोधला. झिजलेला,
शाई अर्धीच धरणारा.
तोच लावला.

रात्री कंदिलाशी बसून अर्ज लिहिला,
महिना दोन रुपये वाढीचा.
वर, हुजूर.
खाली, आपला मजूर.

मालकांनी सकाळी चष्मा लावून वाचला,
लाल पेन्सिलीनं
एक ऱ्हस्व दीर्घ केला
आणि परत दिला.