बागडोगरा, दोन जागा

रात्री बारा वाजून एक मिनिटाला
नव्या तारखा उघडतात म्हणे.
म्हणून मी जागा. नेरुळ, सेक्टर अठरा,
जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप,
शेजारी पालथं घातलेलं पोह्यांचं पातेलं
आणि पडद्यावर पुढचा मार्च,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्यासारखा राखाडी.

एक लाख बारा हजार चारशे सहा.
एवढे पॉइंट आहेत माझे.
पंपांची सीलं विकत सव्वीस वर्षं हिंडलो,
राजकोट, कोइमतूर, रायपूर, पुन्हा राजकोट,
पहाटेच्या विमानात गारढोण सँडविच चावत
मैलाला मैल जोडत गेलो,
पुड्याची सुतळी सोडवून कुणी गुंडा करून ठेवावा तसा.
लागेल कधीतरी.

शालनला बागडोगऱ्याला जायचंय.
कांचनगंगेशी तिचं काही देणंघेणं नाही,
तिला ते नाव आवडतं.
नावात बाग आहे म्हणते, आणि उरलेलं
मोगऱ्यासारखं वाजतं.
असल्या कारणासाठी कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

बारा वाजून एक. मार्च उजळला.
सात तारीख: एक जागा. एकच.
आठ: एक, कोलकात्यात अकरा तास बसून.
नऊ: दोन आहेत, परतीची मात्र नाही.
मी नऊवर जरा रेंगाळलो.
बारा वाजून चारला महिना पुन्हा विझला
आणि उजव्या कोपऱ्यात माझं नाव तेवढं सोनेरी राहिलं,
आमचे मानाचे सदस्य.
फेटा बांधून दारात उभं केलंय,
पंगत आत उठत चाललीय.

फोन लावला. एकोणचाळीस मिनिटं बासरी.
मग रिद्धिमा.
"मिस्टर च्युलकर, आपली निष्ठा आमच्यासाठी अमूल्य आहे."
चेऊलकर, मी म्हटलं. आणि अमूल्य राहू दे, मूल्य सांग.
एकोणीस तारखेला दोन निघतात, सर.
पॉइंट सगळे जातील,
वर कर, इंधन, सुविधा शुल्क, मिळून चौदा हजार सहाशे.
आणि सरळ पैसे भरून काढली तर?
बराच वेळ कळा बडवल्याचा आवाज.
पोर खरं बोलली:
पंधरा हजार दोनशे.

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी वजाबाकी केली.
सहाशे.
हातचा एक राहिला का, ते पुन्हा पाहिलं.
"आणि सर, तीस तारखेला ते लॅप्स होतायत."

पाणी प्यायला शालन उठली.
माझ्या खांद्यावरून तिनं आकडा वाचला,
बोट ठेवून, एकं-दहं-शतं करत.
तुझे कुठले रे हे, म्हणाली.
केतकीला कांजिण्या आल्या तेव्हा तू बडोद्याला होतास, ते हे.
बाबांचा मोतीबिंदू, रायपूर.
सिडकोची सोडत लागली त्या दिवशी
तुटक्या चपलेनं मी एकटी उभी होते बेलापूरच्या रांगेत,
त्याचे किती मिळाले होते?

मी खरंच शोधलं.
दोन वर्षांमागचं स्टेटमेंट
ते दाखवत नाहीत.

खाडीपलीकडे, उलव्याच्या बाजूला,
काहीतरी लुकलुकत खाली उतरत होतं.
शालननं ग्लास विसळला, उपडा घातला,
आतून पर्स आणली. भिशीचे आहेत, म्हणाली,
काढ दोन. सहाशे माझ्याकडून, तुझे ते मरू देत तीसला.
खिडकीचे वेगळे घेतात का? घेऊ देत.

मी तिच्या कार्डावरचे आकडे टिपत होतो,
ती मागे उभी राहून पुटपुटत होती,
बाग. डोगरा. बागडोगरा.
चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं, आणि मग हिरवी खूण.
खाली बारीक अक्षरांत:
अभिनंदन. या प्रवासाचे आपल्याला तीनशे चार पॉइंट.

शालननं चष्मा वर ढकलला.
हे, तिनं विचारलं,
कुणाच्या नावावर?