डबल बेल

चौतीस वर्षं मी घंटा द्यायचो आणि गाडी सुटायची.
आता सुलभा स्टिअरिंगवर, मी शेजारी,
"होल्ड!" म्हटलं तरी ती थांबत नाही.
एकसष्टाव्या वर्षी शिकली, आसूदच्या चढावर,
जळक्या क्लचचा वास अजून सीटला आहे.
माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
दिवाळीनंतर बघू, असं ठरलेलं.

दिवाळीनंतर सवड कुणाला होती?
तुळशीचं लग्न लागलं
आणि दुसऱ्या सकाळी आम्ही वेसवीच्या जेटीवर.
फेरीबोटीत गाडी उलटी घालायची,
मी मागे उभा, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे मार,"
तेवढ्यात एक दाढीवाला धावत आला.
"बाई, मी पाडल्याचा. तुमच्याच हातचा."
ती आधी त्याचा कान बघते.
का, ते मला कधी सांगितलेलं नाही.
मग नाव. मग, आई कशी आहे, गुडघे कसे आहेत तिचे.
बोट सुटली.
आम्ही अलीकडेच.

श्रीवर्धनला बहिणीकडे पोपटी,
मडक्यातून भांबुर्ड्याचा वास, वालाच्या शेंगा,
घाईत जीभ पोळली ती माझीच.
दाभोळला काहीच काम नव्हतं,
पलीकडे न्यायला बोट आहे म्हणून गेलो.
गुहागरात एका निवृत्त तलाठ्याकडून
बुलबुलतरंग आणला, दोन तारा कमी.
रात्री वाजवतो. कळ दाबली की अंगठा
तिकीट फाडल्यासारखा आपोआप वळतो.
कुंपणापलीकडून पाटणे विचारतात,
"कुठवर आली गाडी?"
"गंधारावर पंक्चर."

तिचं खरं काम पहाटेचं.
किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारी पोरं आहेत,
त्यांनी तिला वही दिली.
आरोग्य केंद्रात लिहायची तशीच ती लिहिते:
माता रात्री दोनच्या सुमारास आली.
अंडी एकशे सतरा.
माता समुद्रात परतली. प्रकृती बरी.
पोरं हसली.
आठवड्याभरात तीही तसंच लिहू लागली.

नाताळात चिंचवडची मंडळी.
नातीला घाटात तीनदा उलटी, किनारा दिसताच भूक.
मुलगा म्हणाला, "बाबा, आता जरा आराम करा."
मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं,
दुधाचा हिशेब लिहायलाही चौकोन उरला नव्हता.
डोळ्याची तारीख तीनदा खोडलेली,
एकदा हर्णैच्या लग्नापायी,
एकदा क्लचप्लेटपायी,
एकदा उगीच.

शेवटी झालं एकदाचं.
सहाव्या दिवशी पोरांचा फोन, वाळू हलतेय.
"तू गाडीतच," सुलभा म्हणाली, "वारा आहे, धूळ आहे."
तर मी गाडीत, काळा चष्मा लावून,
आणि ती तिकडून फोनवर मोजतेय.
एक. दोन. हा दमला. हा चालला बघ. चार.
मी जुन्या वेबिलाच्या पाठीवर काड्या ओढतोय,
पाच झाल्या की आडवी.
इतके प्रवासी एका फेरीला
मी कधीच भरले नव्हते.
एकशे नऊ.

मग फोनात नुसता वारा.

आठ राहिली.
ही गप्प मला ठाऊक आहे.
चौऱ्याण्णवच्या एका रात्री ती ड्यूटीवरून आली,
पाय धुतले, आणि ओट्याशी तशीच उभी राहिली.
मी विचारलं नव्हतं. चहा टाकला होता.

आताही थर्मास उघडला.
ती येऊन चाकापाशी बसली, किल्ली हातात,
पदर गुडघ्यापर्यंत ओला.
मागून माडांतून उजाडत होतं.
"नव्या डोळ्याला कसं दिसतंय?"
"तुझ्या कानामागे वाळू आहे."
तिने झटकली. दुसऱ्या कानामागची.

चहा संपला.
दहाच्या नाण्याने मी डॅशबोर्डवर वाजवलं,
टक टक.
"कुठे?"
"पलीकडे. ती बोट राहिलीये ना आपली."
तिने पहिल्याऐवजी तिसरा टाकला,
गाडी एक उसळी मारून बंद.

मी पुन्हा घंटा दिली.