उशिराचं कारण

हॉलचे पडदे ओढलेत. मागे भाट्याचा समुद्र आहे,
पण स्क्रीन दिसायला अंधार लागतो.
मला आठ मिनिटं. सातव्याला पिवळा दिवा लागेल,
असं बॅज लावलेली मुलगी दोनदा सांगून गेली.

माझ्याआधी पुण्याच्या डॉक्टरांनी
नव्या झडपेचा व्हिडिओ दाखवला:
मांडीतल्या शिरेतून वर चढत गेली
आणि जागेवर पोचून छत्रीसारखी उघडली.
टाळ्या मीही वाजवल्या. सुंदरच होती.

माझ्याकडे फक्त एक तक्ता.
तीन वर्षं, खाडीपलीकडच्या अकरा वाड्या,
दोनशे चौदा रुग्ण.
छातीत कळ आल्यापासून पहिल्या ईसीजीपर्यंतचा वेळ:
मध्यक सहा तास दहा मिनिटं.
शेवटचा रकाना उशिराच्या कारणाचा.

तो मी भरलेला नाही.
भरला आमच्या कांबळी सिस्टरनं, रात्रपाळीत,
निळ्या बॉलपेननं, माणसं बोलली तसा.
फॉर्मवर चार पर्याय छापले होते, तिनं चारही खोडले.
"यातलं कोणी सांगतच नाही हो, मॅडम."

म्हणून माझ्या स्लाइडवर हे असं:
"पित्त वाटलं. सोलाचं पाणी प्यायलान नि पडून रायला."
"लाँच लागलेली. मासळी उतरल्याशिवाय कसा निघणार?"
"लेक बोरिवलीहून सुटलाय म्हणाला, त्याची वाट बघितली."
"आंब्याची गाडी भरत होतो."
आणि एकेचाळीस जणांपुढे
एकच शब्द: ओहोटी.

हॉल हसला. खवचट नव्हतं ते,
जेवणाआधीचं हसू होतं.
अध्यक्षांनी चष्मा वर केला: "हे मोजलंत कसं?"

सांगितलं. इस्माईल सोलकर तरीवाल्यांच्या
भिंतीवरच्या कॅलेंडरवरून.
झटका पहाटे जास्त येतो, हे आपल्या पुस्तकात आहे.
अवसेला, पुनवेला पहाटे सहाला
खाडी तळ दाखवते, हे त्यांच्या.
दोन्ही शेजारी ठेवली, एवढंच केलं मी.
तरी मध्ये थांबते, धक्क्यापर्यंत येत नाही.
अलीकडे चिखल. मांडीएवढा.

पुढची स्लाइड: अभ्यासातून वगळलेले.
नऊ. पोचण्यापूर्वी मृत्यू.
पद्धत म्हणून ते बरोबर आहे,
ज्यांचा ईसीजी नाही त्यांचा वेळ कुठे थांबवणार?
म्हणजे सहा तास दहा मिनिटांत
शेवंती डोर्लेकर नाही.
वय बावन्न. चौघांनी तिला
उत्सव मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून
चिखलातून तरीकडे नेलं.
अर्ध्या वाटेत म्हणाली म्हणे,
खुर्ची परत द्या हां, मोजून दिलीत त्यांनी.

हे स्लाइडवर नव्हतं.
मी बोलले की नुसतं बोलणार होते, आता आठवत नाही.
पिवळा दिवा लागला होता.

निष्कर्ष वाचले:
धक्का चाळीस मीटर पुढे, खोल पाण्यापर्यंत.
पलीकडच्या उपकेंद्रात एक ईसीजी मशीन.
कोणी तरी विचारलं, यात हृदयरोगतज्ज्ञांनी काय करायचं?
प्रश्न प्रामाणिक होता.
मला उत्तर येत नव्हतं, तसं म्हणाले.

मग जेवणासाठी पडदे उघडले.
सगळे काचेशी गेले, ताटं हातात.
समुद्र पायऱ्यांना लागलेला, दुपारचा, लख्ख.
"काय भरलाय हो!" पुण्याचे डॉक्टर म्हणाले,
आणि थोड्या वेळानं, हळूच,
"त्या सोलकरांचं कॅलेंडर... फोटो आहे तुमच्याकडे?"

फोनमध्ये शोधू लागले.
आज अवस.
बाराला भरती, म्हणजे सहाला पाणी नसेल.
कांबळी आज सुट्टीवर आहे.