आठ बोल्ट

बेचाळीस स्लाइड्स होत्या माझ्या.
पहिलीवर कंपनीचं बोधचिन्ह, शेवटचीवर आभार,
मधे जागोजागी सुरक्षा आणि गुणवत्ता.
मकरपुऱ्याच्या शेडवरची ती खोली,
पंखा एक, माणसं सव्वीस,
आणि शेवटी सेव-उसळ आहे ही बातमी
माझ्याआधीच पोचलेली.

दोन तासांनी फॉर्म वाटले.
हसरा चेहरा, बरा चेहरा, रडका चेहरा.
सव्वीसच्या सव्वीस हसरे.
एकानं तर खाली लिहिलं,
"बेन, बहु सरस. पण रसो तीखो हतो."
मी तक्ता रंगीत छापून वर पाठवला.

तिसऱ्या महिन्यात अकरा ट्रान्सफॉर्मर गळले.

तेलाला गाजावाजा आवडत नाही.
झाकणाच्या कडेला आधी नुसता घाम येतो,
मग एक थेंब जमतो, विचार करत थांबतो,
आणि सकाळी जमिनीवर
एवढंसं काळं तळं.

रात्रपाळीला जाऊन बसले, उलट्या ड्रमवर,
वही पिशवीतच ठेवून.
पोरं बोल्ट आवळत होती
एकाशेजारचा एक, एकाशेजारचा एक,
नवरात्रात मैदानावर फिरावं तसं गोल गोल.
एकोणिसाव्या स्लाइडवर मी हेच
लाल अक्षरात "करू नये" म्हणून दाखवलं होतं.
लाल अक्षर एकाच्याही मनगटात उतरलं नव्हतं.

फक्त जेमलाभाई राठवा.
त्या दिवशी मागच्या बाकावर चक्क झोपलेले
(हसरा चेहरा त्यांचाही होता).
ते एक आवळायचे, अर्धाच,
मग समोरचा पाचवा,
मग तिसरा, मग त्याच्या समोरचा सातवा.
कुठं शिकलात, विचारलं.
पाना खाली न ठेवता म्हणाले,
"घरी खाटलो भरूं छूं, बेन.
एकाच अंगानं दोरी ओढली
तर चौथा पाय जमिनीला टेकत नाही."

घरी येऊन एकेचाळीस स्लाइड्स पुसल्या.
आभाराची तेवढी ठेवली,
मग तीही.

पुढच्या वेळी टेबलावर भंगारातलं एक झाकण,
आठ बोल्ट, हातपंप,
आणि तेलाऐवजी पाणी.
म्हटलं, आवळा तुमच्या रोजच्या पद्धतीनं.
आवळलं. पंप मारला.
फवारा थेट सुपरवायझर गडकऱ्यांच्या पँटीवर.
खोली हसली, पार खिडकीतलं कबूतर उडेपर्यंत.
मग कुणी तरी वाकून झाकण पाहिलं,
मग दुसऱ्यानं,
मग सगळेच गप्प झाले,
आणि ती शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा
भरून टाकली नाही.
जेमलाभाई उठले.
खडूनं आकडे घातले.
बोलले काहीच नाहीत.

अकराचे तीन झाले.
दस्तूरसाहेबांनी बोलावलं, खूश होते.
"यात ट्रेनिंगचा वाटा किती टक्के?"
त्याच महिन्यात गॅस्केटवाला बदलला होता.
उकाडाही उतरला होता.
म्हटलं, ठाऊक नाही सर. अर्धा असेल.
त्यातला निम्मा एका खाटेचा.
ते म्हणाले, चौकटीत आकडा लागतो.
चौकट अजून कोरी आहे,
दर तिमाहीला माझ्याकडे बघते.

आणि फॉर्म? वाटते अजून,
पण नव्वद दिवसांनी, मशिनपाशी उभी राहून,
एकच प्रश्न विचारत:
यातलं तू कुणाला दाखवलंस?
बरेच जण मान खाली घालतात.
मीही घालते, कारण
मला तरी कुणी कधी हे विचारलं होतं?

परवा दुपारी तीन नंबरच्या शेडमध्ये
दाहोदहून नुकताच आलेला एक पोरगा,
बूट अजून कोरे,
माझ्या कुठल्याच हजेरीपटावर नाही,
झाकणावर वाकून आकडे घालत होता.
एक. पाच. तीन. सात.
खडू संपला असावा,
हातात विटेचा तुकडा होता.
कुणी शिकवलं रे?
त्यानं ज्याच्याकडे बोट दाखवलं
त्यालाही मी ओळखत नव्हते.